शिळ्या पाण्याची विहीर : प्रकल्प नोंदी

16 जानेवारी 2025

संक्रांत होऊन दोन दिवस झाले. गल्लीतून फिरून सुगडं गोळा केली. वाणवसा झाला की बिचारी कुठे तुळशीमागे, कुठे वळचणीला पडून राहतात. अकरा मिळाली, त्यातली आठ धड. आत अजून हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची कांडकी होती. ती शेळीला घातली.

वाचनालयाच्या समितीने मागच्या महिन्यात मागच्या परड्याच्या भिंतीवर ‘पाणी वाचवा’चं चित्र काढून मागितलं. मी अजून हो म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी असंच एक चित्र एका कार्यालयाच्या कुंपणावर काढलं होतं. नळाचा थेंब, त्याखाली ओंजळ, त्याखाली घोषवाक्य. आठ दिवस काम चाललं. ब्रश आणि रोलर धुवायला रोज दोन-तीन बादल्या पाणी लागलं आणि ते सगळं रंगीत पाणी गटारात गेलं. ॲक्रिलिकचा रंग म्हणजे प्लॅस्टिकच. तो धुतला जातो, नाहीसा होत नाही. बारीक कण होऊन ओढ्यात उतरतो. यंदा त्या भिंतीचे पापुद्रे सुटले आहेत आणि ओंजळीचा अर्धा हात गेला आहे. पाणी वाचवा असं लिहायला मी वीसेक बादल्या पाणी नासवलं, हे मनातून जात नाही.

तेव्हा या कामाला एकच अट: ज्या पाण्याबद्दल काम आहे, त्या पाण्याचा हिशेब कामातच दिसला पाहिजे. हिवरे बाजारला गावाचा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, किती पडलं, किती मुरलं, कुठलं पीक परवडेल. मग एका चित्राचा ताळेबंद मांडायला काय हरकत आहे?

22 जानेवारी

आज सकाळी साडेसहापासून गल्लीच्या तोंडाशी वही घेऊन उभी होते. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. तोटीतून आधी फुसफुस हवा येते आणि कुणीतरी ओरडतं, “नळ आला गंऽऽ”. त्यानंतरची दोन मिनिटं मी आजवर कधी नीट पाहिलीच नव्हती. दारादारातून बायका बाहेर येतात आणि परवाचं भरून ठेवलेलं पाणी ओतून देतात. ते ‘शिळं’ झालेलं असतं. कळशी उंबऱ्यावर रिकामी होते, हंडा गटारात रिकामा होतो, पिंपाच्या तळाचं पाणी रस्त्यावर. मग भांडी घासून ताजं पाणी.

नऊ घरं मोजली. कळश्या, हंडे, दोन पिंपांचे तळ धरून एका सकाळी साधारण 110 लिटर.

आमच्या घरीही हेच चालतं. आई अजून म्हणते, शिळं पाणी देवाला चालत नाही. मी तिच्याशी वाद घालणार नाही. पण झाडाला ते शिळं नसतं.

घरी येऊन वहीत पहिल्या पानावर लिहिलं: या कामाचा रंग म्हणजे शिळं पाणी.

2 फेब्रुवारी

लिंबला जाऊन आले. बारा मोटेची विहीर मी शाळेच्या सहलीत पाहिली होती, तेव्हा नुसती पायऱ्यांवर पळापळ केली. आज चार तास बसले.

साताऱ्याहून महामार्गावरून आत वळलं की लिंब. थोरल्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी ही विहीर बांधून घेतली, शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724. वरून पाहिलं तर पिंडीचा आकार: अष्टकोनी विहीर, तिला जोडून पायऱ्यांचा लांब भाग, आणि दोन्हींच्या मध्ये चक्क एक छोटा महाल. पन्नास फूट व्यास, एकशे दहा फूट खोली. भिंतीत कोरलेले हत्ती आणि वाघ उन्हाचा कवडसा फिरेल तसे एकेक करून उजळत होते. मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायचा चामड्याचा मोठा डोल, आणि ती वर येऊन रिकामी होते ते थारोळं. इथे मोटांसाठी पंधरा थारोळी, आणि एका वेळी बारा मोटा चालत, म्हणून हे नाव.

पण मला आज वेगळीच गोष्ट लागली. ही एवढी विहीर कशासाठी? आमराईसाठी. सुमारे 3300 आंब्याची झाडं या पाण्यावर होती असं सांगतात. म्हणजे ही बांधणी, हे कोरीवकाम, हा महाल, सगळं एका बागेला पाणी घालायच्या कामातून आलेलं आहे. विहिरीचं देखणेपण आणि तिचं काम इथे वेगळं काढताच येत नाही. पाण्यावर चित्र काढणं निराळं आणि पाणी वाहून नेणारी वस्तू देखणी घडवणं निराळं. मला दुसरं करायचं आहे.

काठावर एक आजोबा बसले होते. म्हणाले, त्यांच्या वडिलांनी मोट हाकलेली. “नाडा तुटला की बैल धावंवर पुढं हेलपाटायचा, आन् मोट खाली जाऊन धाडदिशी आपटायची. त्यो आवाज शेजारच्या मळ्यात जायचा.” धाव म्हणजे बैलांची उतरती वाट. त्यांनी ती हातानं हवेत काढून दाखवली.

परतताना ठरलं. वाचनालयाच्या परड्यात या विहिरीचा आराखडा जमिनीवर उतरवायचा, एकास पाच या प्रमाणात. विहिरीच्या जागी वाफा. पंधरा थारोळ्यांच्या जागी जमिनीत पुरलेली पंधरा मडकी. आणि ती भरायची शिळ्या पाण्यानं.

9 फेब्रुवारी

कुंभारमामांकडे. मडकं पुरून झाडाला पाणी देणं काही नवीन नाही. चीनमध्ये लोक दोन हजार वर्षांपूर्वी असं करत होते आणि आपल्याकडे आंब्याच्या कलमाजवळ फुटका माठ पुरणारे शेतकरी मी लहानपणी पाहिले आहेत. न झिलईचं भाजलेलं मडकं पाझरतं. भोवतालची माती कोरडी असली की ती मडक्यातून पाणी ओढून घेते, ओली झाली की ओढ थांबते. झाड जेवढं मागेल तेवढंच जातं. वर ऊन खात बसणारं पाणीच नसल्यामुळे वाफ होऊन जाणंही फार कमी.

मामांना सांगितलं, पाझरणारं हवं, पण एका दिवसात रिकामं होणारं नको. ते हसले नाहीत, उलट विचारात पडले. “बाई, लोक माझ्याकडं येत्यात ते पाझरतंय म्हणून भांडायला. तुम्ही पहिल्याच.” मग त्यांनी सांगितलं: पाझर ठरतो मातीत काय मिसळलंय त्यावर आणि आव्यात (भट्टीत) ते किती भाजलंय त्यावर. लीद जास्त घातली की ती आव्यात जळून जाते आणि तिच्या जागी बारीक भोकं राहतात. जास्त भाजलं की ती मिटत जातात. मग त्यांनी उन्हाळ्यातल्या माठाचा एक तुकडा जिभेला लावून दाखवला. जीभ चिकटली. “हे चिकटलं की समजायचं पाणी प्यायला तयार हाय.” मीही लावला. जीभ सोडवताना मातीची चव आली, पहिल्या पावसाच्या वासासारखी.

आकारही त्यांनीच सुचवला: पोट रुंद, मान अरुंद आणि जरा उंच, म्हणजे मान तेवढी मातीवर दिसेल. आठ लिटरचं. एकाचे 120 रुपये, पंधरांचे 1800. झाकण्या वेगळ्या. गुढीपाडव्याच्या आत देतो म्हणाले, कारण त्यानंतर ते अक्षय्य तृतीयेच्या मडक्यांना लागतात आणि तेव्हा त्यांना मान वर करायला सवड नसते.

23 फेब्रुवारी

सुगडांवरची चाचणी. आठ सुगडं तीन ठिकाणी पुरली होती, प्रत्येकात पाव लिटर पाणी, तोंडावर चपटा दगड.

थेट काळ्या मातीत पुरलेली तीन: पहिल्या भरणीला दीड दिवसात रिकामी. नंतर काळी माती वाळून भेगाळली आणि सुगडापासून सुटली. मध्ये बोटभर फट. मग आठवडाभर पाणी तसंच. मातीचा हातच लागत नव्हता तर ती ओढणार कशी!

चाळलेला गाळ, वाळू आणि शेणखत भोवती भरून पुरलेली तीन: सगळ्यात बरी. तिसऱ्या दिवशी तळाला थोडंसं उरलेलं.

राहिलेल्या दोनांत शेजारच्या काकूंनी दिलेलं तांदळाचं धुवण घातलं होतं. चौथ्या दिवशी आंबट वास, आतून चिकट थर, पाझर बंद. ब्रशने घासूनही पूर्ववत झाली नाहीत. तर धुवण थेट झाडाच्या बुडाशी घालायचं, मडक्यात नाही.

आणखी एक गोष्ट वाचनालयातल्या मुलांसाठी फळ्यावर लिहून ठेवली. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडतं ते मडक्यात घालू नका. मूळ पाण्यातले क्षार त्यात गोळा झालेले असतात. दोन उन्हाळे झालेला माठ जसा पांढरट पडतो आणि गार करायचं सोडतो, तेच इथे होईल. बोअरच्या जड पाण्याचंही तेच. आमचा नळ धरणाच्या पाण्यावरचा आहे, तेवढा हलका.

8 मार्च

परड्यात आखणी. गोखरू आणि काँग्रेस गवत उपटून मुलांनी आधीच जागा साफ केली होती. सातवी-आठवीची नऊ मुलं, तीन बायका, मी.

पन्नास फूट म्हणजे आपले दहा. मध्ये खुंटी, पाच फुटांची सुतळी, टोकाला खिळा, गोल. मग गोलाला काटकोनात दोन रेषा, पुन्हा त्यांच्या मधोमध दोन रेषा. आठ बिंदू. बिंदू जोडले की अष्टकोन. गणितानं प्रत्येक बाजू तीन फूट दहा इंच यायला हवी. सातवीतल्या एका मुलीनं टेप लावून सांगितलं, “बाई, ही बाजू चार इंच जास्त आलीय.” खुंटी हलली होती. पुन्हा सगळं पुसून काढलं. रेषा चुलीच्या राखेनं मारल्या, फक्की आणली नाही. राख नंतर मातीतच जाणार.

विहिरीपुढे महालाची चौकट, तिच्यापुढे पायऱ्यांचा लांब भाग. पायऱ्या म्हणजे आमच्याकडे आडवे वाफे, प्रत्येक खालचा वरच्यापेक्षा चार बोटं खोल, म्हणजे पावसाचं पाणी एकेक पायरी उतरत विहिरीकडे जाईल. थारोळ्यांच्या जागा मात्र हुबेहूब नाहीत. दहा काठावर, पाच पायऱ्यांत ठेवली. बागेच्या दृष्टीनं जिथे मुळं जाणार तिथे मडकं हवं.

14 मार्च

काल होळी झाली. पळस पेटलाय. ओढ्याकाठच्या झाडाखाली पडलेलीच फुलं वेचली, फांदीला हात लावला नाही, पाखरं त्यावर आहेत.

हिशेबाच्या वहीचं काम भिंतीवर करायचं आहे. परड्याची बुटकी भिंत दगड-मातीची आहे, बायकांनी शेणानं सारवून दिली. जी बाई शिळं पाणी मडक्यात घालेल तिनं भिंतीवर आपल्या बोटानं एक कडं काढायचं. एक कळशी, एक कडं. एवढंच चित्र. आता त्याला शाई हवी, आणि ती इथलीच हवी.

तुकड्यांवर चाचण्या केल्या. पळसाची फुलं रात्रभर भिजत घालून केशरी पाणी छान निघालं, सारवलेल्या भिंतीवर दोन दिवसांत पिवळट होऊन विरलं. हळद चुना लावलेल्या जागेवर ओढली आणि डोळ्यांदेखत लाल झाली. मुलं ओरडली. त्यांच्या आज्या मात्र शांत होत्या, कुंकू असंच तर करतात. पण हळद उन्हाला टिकत नाही, तिसऱ्या दिवशी त्या जागी फिकट गुलाबी डाग उरला. गेरू उत्तम, टिकतो, पण बोटाला लागून पुसला जातो.

जिंकला हिरडा. बाजारातून पाव किलो बाळहिरडा आणला. कुटून लोखंडी कढईत रात्रभर भिजवला, सकाळी उकळून निम्मा केला, गाळला, चिमूटभर हिराकस (लोखंडाचा हिरवा क्षार) आणि बाभळीचा डिंक. पोथ्या लिहायला अशीही शाई असायची. काढताना कडं चहाच्या रंगाचं दिसतं. मी निराश होऊन हात धुवायला गेले, परत आले तर ते काळं होऊ लागलेलं. हवा लागली की ती गडद होत जाते. संध्याकाळपर्यंत कोळशासारखी. चुन्याच्या भागावर मात्र तीच शाई तपकिरी झाली, म्हणून भिंतीला चुना लावायचा नाही.

शाई करायला गेलेलं पाणी: दोन लिटर. कढई धुतलेलं पाणी परड्यातल्या शेवग्याच्या बुडाशी घातलं. हिशेबात लिहिलं.

30 मार्च, गुढीपाडवा

पंधरा मडकी पुरली. भोवती प्रत्येकी तीन पाट्या गाळ-वाळू-खताचं मिश्रण, हातानं दाबून. बारा नीट झाली. शेवटच्या तीनांना मिश्रण संपलं आणि ऊनही चढलं, म्हणून तिथे तशीच काळी माती ढकलली. हे बरोबर नाही हे कळत होतं.

बायकांच्या बोलण्यातून एक मोठा बदल झाला. मान जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे भरलेली कळशी घेऊन पार वाकावं लागतं. एक वहिनी म्हणाल्या, “ताई, एवढं वाकून घालायचं तर गटारच बरं की जवळ.” अगदी खरं बोलल्या. तेव्हा मला नवज्योत अल्ताफ यांचं बस्तरमधलं काम आठवलं. मुंबईची ही चित्रकार कोंडागावला तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं राहून काम करत आली. हापशांच्या भोवतालच्या जागा त्यांनी मिळून नव्यानं घडवल्या, ‘नलपार’ या नावानं. त्यात भरलेला घडा टेकवायला उंचावर जागा ठेवली, म्हणजे बाईला तो जमिनीवरून न उचलता डोक्यावर घेता येईल. शिल्प कुणाच्या कमरेचा विचार करून उभं राहू शकतं, हे मी त्या कामातून शिकले.

आमच्या परड्यात मग कमरेएवढे दोन दगडी ओटे रचले, आणि तिथून जुन्या कौलांचा पन्हाळ मडक्यांकडे सोडला. ओट्यावर कळशी टेकवायची आणि नुसती कलती करायची. पाणी कौलावरून पळत जाऊन मडक्यात पडतं तेव्हा थारोळ्यात मोट रिकामी झाल्यासारखं वाटतं, आवाज तेवढा लहान. पन्हाळ प्रत्येक मडक्याकडे नाही पोचत, सहाकडे पोचतो. बाकीची मडकी मुलं तांब्यानं भरतात.

आज पहिली चार कडी उमटली. पहिलं कडं आईनं काढलं.

12 एप्रिल

लावलेलं: झेंडू, गोकर्ण, जास्वंदीची दोन कलमं, वांगी, मिरची, दोडका (महालाच्या चौकटीवर मांडव), गवती चहा.

माप घेत आहोत. पंधरा मडक्यांना दर चार दिवसांनी साधारण 120 लिटर, दिवसाला 30. त्याच आकाराचा शेजारचा वाफा वाचनालयाचे शिपाईकाका झारीनं भिजवतात, त्याला दिवसाला 60 लागतात आणि दुपारी वांग्याची पानं तरी मलूल होतात. एका मडक्याजवळ हलक्या हातानं उकरून पाहिलं. मडक्याच्या पोटाला मुळांची जाळी बिलगली होती, पांढरी, केसांसारखी, जणू कुणी मडक्याला जाळीची टोपी विणून घातली आहे. लगेच माती परत ओढली.

समितीतल्या एका सभासदांनी आज विचारलं, “सगळं चांगलं आहे, पण चित्र कुठे आहे?” मी त्यांना नळाच्या दिवशी सकाळी सातला यायला सांगितलं.

18 एप्रिल

ते आले. काही बोलले नाहीत. घरी जाऊन एक कळशी घेऊन आले आणि भिंतीवर बोट टेकवलं.

30 एप्रिल, अक्षय्य तृतीया

आज घरोघरी पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली मातीची घागर पुजतात आणि दान देतात. तीन घरांनी यंदा ती घागर परड्यात आणून पाणी मडक्यात ओतलं. मी कुणाला सुचवलं नव्हतं. एका काकूंनी कडं काढताना सासऱ्यांचं नाव हळूच उच्चारलं. त्यांच्या सासऱ्यांनी मोटेवर काम केलेलं होतं. मी बाजूला झाले.

हळदीचे गड्डे आणले, लावायच्या तयारीत. अष्टकोनाच्या मधोमध रायवळ आंब्याची एक कोय. आमराईचा एवढाच उल्लेख पुरे.

18 मे

भिंतीवर 187 कडी. कळशी सरासरी आठ लिटरची, म्हणजे जवळपास 1500 लिटर पाणी गटारात न जाता मुळांशी गेलं. आकड्यापेक्षा भिंतीकडे पाहत राहावंसं वाटतं. आज्यांची कडी जाड आणि पूर्ण, पोरांची घाईची आणि उघडी, एका लहानग्याचं कडं जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर. कडी एकमेकांत अडकत जाऊन दगडाच्या डबक्यात पाऊस पडावा तशी दिसतात. हे मी आखून काढू शकले नसते.

21 मे

रात्री धो धो. वळीव असेल म्हणून निजले, पण पहाटेपर्यंत थांबला नाही. वाचनालयाचा पत्रा 300 चौरस फुटांचा, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला साधारण 28 लिटर. पन्हाळीखालचं 200 लिटरचं पिंप पहिल्याच सरीत भरून वाहिलं. ते ओसंडलेलं पाणी पायऱ्यांच्या वाफ्यांत शिरलं आणि खरोखर एकेक पायरी उतरलं. तेवढं आखल्यासारखं झालं.

27 मे

सलग पाऊस. मान्सून 25 तारखेला राज्यात आला, 26 ला मुंबईत. मे महिन्यात असा पाऊस मी पाहिलेला नाही. माण-खटावकडची माणसं, जिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरही नशिबानं, तीही फोन करून चिखलाचंच सांगत आहेत. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार पडतो.

नुकसान लिहून ठेवते. भिंतीचा पश्चिमेकडचा भाग उघड्यावर आहे. शाईला पावसानं काही केलं नाही, पण सारवणच सुटून खाली आलं आणि त्याबरोबर कडी गेली. वळचणीखालची 61 शिल्लक आहेत, काळीभोर. कुंभारमामांच्या कच्च्या झाकण्या, आमच्या दहा, अंगणात वाळत होत्या, त्यांचा पुन्हा गोळा झाला. त्यांचं त्याहून मोठं नुकसान झालं आहे; आव्यासाठी रचलेलं सगळं सरपण भिजलं. त्यांना पैसे आगाऊ दिले.

आणि दोन मडकी तडकली. दोन्ही त्या घाईनं काळ्या मातीत पुरलेल्या तीनांतली. काळी माती पाणी पिऊन फुगली आणि तिनं रिकामं मडकं दाबलं. तिसरं भरलेलं होतं म्हणून वाचलं असावं. त्या दिवशी अर्धा तास थांबून पाच पाट्या वाळू चाळली असती तर ही दोन गेली नसती. दोष पावसाचा नाही.

भिंतीपाशी बायका जमल्या तेव्हा मला वाटलं हळहळतील. एक आजी म्हणाल्या, “सारवन दर सणाला नवं करावंच लागतंय. त्यात रडायचं काय?” मी 126 कड्यांसाठी रात्रभर जागले होते.

6 जुलै, आषाढी एकादशी

पावसाळ्यात मडक्यांना काम नाही. पाणी आत तसंच उभं आहे, माती ओली म्हणून कुणी ओढत नाही. डास होऊ नयेत म्हणून सगळी उपसून रिकामी केली. ज्यांना झाकण्या नाहीत त्यांच्या तोंडावर फडकं बांधून दगड. काळ्या मातीतलं तिसरं उकरून पुन्हा वाळू-गाळात बसवलं.

गोकर्णीच्या फुलांचा निळा रंग काढून पाहिला. लिंबाचा थेंब पडला की जांभळा होतो, सोडा घातला की हिरवट. सुंदर आहे, पण आठवड्यात उडून जातो. मुलांसाठी ठेवला, भिंतीसाठी नाही. झेंडू तुरटीबरोबर सुती कापडावर पक्का पिवळा बसतो. जुन्या धोतराच्या पट्ट्या रंगवून मडक्यांच्या गळ्याला बांधल्या, म्हणजे गवतात कुणाचा पाय पडणार नाही.

कोयीतून रोप वर आलंय. चार पानं, अजून तांबूस, मेणासारखी मऊ. मुलांनी त्याच्याभोवती काड्यांचं कुंपण केलं आहे.

28 ऑगस्ट

दीड दिवसाचे गणपती बादलीत विसर्जन केले. शाडूच्या सात मूर्ती, सगळ्यांची माती वाचनालयात आली. कुणीतरी म्हणालं, हे पाणी मडक्यात घालू या, देवाचं पाणी आहे. मी नको म्हटलं. शाडू इतकी बारीक असते की मडक्याची भोकं कायमची बुजतील. पाणी निवळू दिलं, वरचं झेंडूला घातलं आणि खालची माती सुपात वाळत ठेवली. ती शेणात मिसळून पश्चिमेकडची भिंत पुन्हा सारवायची, आणि या वेळी वर हातभर वळचण काढायची. जुने पत्रे मिळाले आहेत.

गौरी-गणपती उरकले की पाऊस ओसरेल आणि नळाच्या दिवशी पुन्हा कळश्या येऊ लागतील. वळचणीखालच्या 61 कड्यांना हात लावायचा नाही, नवी त्यांच्या शेजारून सुरू होतील. हिरडा अर्धा किलो आणून ठेवला. कुंभारमामांची दोन नवी मडकी आणि झाकण्या रविवारी येणार आहेत. त्यांच्यासाठी आज सात पाट्या वाळू चाळून ठेवली.